दोन समांतर रेषा : आमवात, ध्वनिलहरी आणि धमनीची भिंत

आमवात हा सांध्यांचा आजार आहे, ही समजूत वैद्यकशास्त्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ इतकी पक्की होती की, त्या आजाराने पिडलेली माणसे इतरांपेक्षा लवकर मरतात, आणि मरतात ती बऱ्याचदा हृदयविकाराने, हे आकड्यांनी सांगायला सुरुवात केल्यावरही सांध्यांचे डॉक्टर सांधेच तपासत राहिले. मराठीत ‘संधिवात’ हा शब्द वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यापासून हाडे कुरतडणाऱ्या दाहापर्यंत सगळ्यांसाठी सरसकट वापरला जातो. येथे विचार करायचा आहे तो फक्त आमवाताचा, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात त्या आजाराचा. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर उलटते. बोटांचे व मनगटाचे लहान सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजतात, सकाळी उठल्यावर तास-तासभर आखडून राहतात, आणि उपचार न मिळाल्यास काही वर्षांत वाकडे होतात. पुरुषांच्या दोन ते तीन पट स्त्रियांना तो होतो. या आजारात रक्तवाहिन्यांचेही नुकसान होत असते, आणि ते हृदयविकाराचा झटका येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते, हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने कसे दिसू लागले, आणि दिसल्यानंतर त्याचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

आमवाताचे पहिले स्पष्ट वैद्यकीय वर्णन १८०० मध्ये पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील ओग्युस्तँ लांद्रे-बोवे या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात केले, असे मानले जाते. त्याने तो गाउटचाच, म्हणजे युरिक आम्लाच्या खड्यांमुळे होणाऱ्या वातरक्ताचा, एक दुबळा प्रकार समजला. पुढे लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी रक्तातील युरिक आम्ल ओळखण्याची साधी पद्धत शोधून हे दोन आजार वेगळे केले आणि १८५९ च्या ग्रंथात आमवाताला त्याचे आजचे इंग्रजी नाव दिले. हृदयाशी ज्याचे नाते त्या काळी सर्वमान्य होते तो आजार निराळाच होता. तो म्हणजे घशातील जंतुसंसर्गानंतर मुलांना होणारा ऱ्हुमॅटिक ताप, ज्यात सांधे काही आठवडे दुखून बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. नावात साम्य असूनही या दोन रोगांची वाटणी वैद्यकाने जणू ठरवून केली होती. एकाने हृदय घ्यावे आणि दुसऱ्याने सांधे. आमवाताने माणूस पांगळा होतो, मरत नाही, ही धारणा त्या वाटणीतूनच घट्ट झाली.

तिला पहिला ठोस धक्का १९५३ मध्ये बॉस्टनहून बसला. सिडनी कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या रुग्णांचे आयुष्यमान आणि त्यांच्या मृत्यूची कारणे तपासून दाखवले की, हे रुग्ण सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी जगतात. परंतु त्या काळात सर्वांचे लक्ष कॉर्टिझोनकडे होते. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी हे संप्रेरक एका रुग्णेला टोचले आणि अंथरुणाला खिळलेली ती स्त्री काही दिवसांत चालू लागली. त्याबद्दल हेंच, एडवर्ड केंडॉल आणि ताडेउश राइशस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. सांधे सैल करणारे औषध हाती आले असताना मृत्यूच्या तक्त्यांकडे कोण पाहणार? शिवाय कॉर्टिझोनमुळे स्वतःहूनच रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढते, त्यामुळे पुढे कधी हृदयविकाराचा प्रश्न निघालाच तर दोष औषधाच्या माथी मारणे सोयीचे झाले, आणि रोगाचा हिशेब पुन्हा मागे पडला.

योगायोग असा की, त्याच १९५३ साली, ऑक्टोबर महिन्यात, स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि कार्ल हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी माणसाच्या हृदयाच्या हालचालीची ध्वनिलहरींनी पहिली नोंद घेतली. त्यासाठी त्यांनी जे यंत्र वापरले ते मुळात धातूतील भेगा शोधणारे होते. श्राव्यातीत ध्वनीची, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनीची, सारी पूर्वपीठिका अशाच उसन्या हत्यारांची आहे : क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज निर्माण होते हे दाखवले, पहिल्या महायुद्धात पॉल लांझव्हाँ यांनी त्याच गुणधर्माचा उपयोग करून पाणबुड्या हुडकण्याचे तंत्र उभारले, आणि ग्लासगोत इयन डोनाल्ड यांनी बॉयलर बनविणाऱ्या कारखान्यातील यंत्रापासून सुरुवात करून १९५८ मध्ये पोटातील गाठींची चित्रे प्रसिद्ध केली. त्याच दशकात ओसाकात शिगेओ सातोमुरा यांनी क्रिस्टियान डॉप्लरचे १८४२ चे, ताऱ्यांच्या प्रकाशासाठी मांडलेले तत्त्व रक्ताच्या प्रवाहाला लावले. आवाज सोडायचा, तो कुठे आपटून परत येतो, यायला किती वेळ लागतो आणि परतताना त्याची वारंवारता किती बदलते हे मोजायचे, एवढाच या सगळ्याचा गाभा आहे.

आमवाताच्या दवाखान्यात हे यंत्र आले तेही सांध्यांसाठीच. १९७२ मध्ये पोटरीतील सूज ही गुडघ्यामागच्या बेकर गाठीची आहे की शिरेत गुठळी झाल्याची, हे ध्वनिचित्राने ओळखता येते असे दाखवले गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गुडघ्यातील जाडावलेल्या अस्तराची चित्रे निघाली. आणि १९९४ च्या सुमारास ‘पॉवर डॉप्लर’ हे तंत्र वापरात आले, ज्यात अगदी मंद रक्तप्रवाहही रंगात उमटतो, त्यामुळे दाह झालेल्या अस्तरात नव्याने फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या पडद्यावर ठिणग्यांसारख्या दिसतात. म्हणजे रक्तवाहिन्या दिसत होत्या, पण त्या सांध्यातल्या. तोच प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा यंत्राचा हातात धरायचा भाग, मनगटावरून उचलून मानेवर ठेवावा, असे कोणाला वाटण्याआधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या, आणि त्या दोन्ही आमवाताशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत घडल्या.

पहिली मिलानमध्ये. धमनीची, म्हणजे जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात जिला ‘रोहिणी’ म्हटले आहे त्या शुद्ध रक्तवाहिनीची, भिंत तीन थरांची असते : रक्ताला लागून असलेला पातळ अंतःस्तर, त्याबाहेर स्नायूंचा मध्यस्तर आणि सर्वांत बाहेर तंतुमय बाह्यस्तर. धमनीकाठिण्य, म्हणजे भिंतीत मेद, दाहपेशी आणि चुना साठत जाऊन ती जाड व कडक होण्याची क्रिया, अंतःस्तरातच सुरू होते. परंतु तेथवर पोहोचण्याचा मार्ग तोपर्यंत एक तर शवविच्छेदनाचा होता, नाही तर धमनीत नळी घालून रंगद्रव्य सोडण्याचा, आणि त्या दुसऱ्या मार्गाने दिसते ती पोकळी, भिंत नव्हे. भिंत बाहेरच्या अंगाने फुगत गेली तर पोकळी बराच काळ जशीच्या तशी राहते, म्हणून रंगद्रव्याचे चित्र निर्दोष दिसत असतानाही आजार पुढे सरकत असतो. पाओलो पिन्योली, एलेना त्रेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, मानेतील कॅरोटिड धमनीच्या ध्वनिचित्रात मागच्या भिंतीवर दोन समांतर उजळ रेषा आणि त्यांच्यामध्ये एक काळसर पट्टी दिसते. पहिली रेषा रक्त आणि अंतःस्तर यांच्या सीमेवर उमटते, दुसरी मध्यस्तर आणि बाह्यस्तर यांच्या सीमेवर. मधले अंतर म्हणजे आतील दोन थरांची मिळून जाडी. त्यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या धमन्या ध्वनिलहरींनी मोजल्या, मग त्याच धमन्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, आणि दोन्ही मापे जुळली. जिवंत माणसाच्या धमनीची भिंत त्वचेला ओरखडाही न काढता मोजता येते हे सिद्ध झाले. निरोगी प्रौढात हे अंतर साधारण अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचे असते. आणि पुढचा सारा इतिहास या अंतरातील मिलिमीटरच्या दशांशाच्या फरकावर उभा आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्या मापाला भविष्य सांगता येते हे फिनलंडमधील कुओपिओ येथे युक्का सालोनेन आणि रीट्टा सालोनेन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले : तेथील मध्यमवयीन पुरुषांत भिंतीच्या जाडीत ०.१ मिलिमीटरची भर पडली की हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे ११ टक्क्यांनी वाढत होती. अमेरिकेतील मोठ्या लोकसमूहांच्या पाहण्यांनीही त्याला दुजोरा दिला. आकडा सुटसुटीत, यंत्र सर्वत्र उपलब्ध, रुग्णाला वेदना नाही. संशोधकांना मोह पडावा असेच हे माप होते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती, कारण तीत भिंतीच्या आकाराचा नव्हे, तिच्या वागणुकीचा प्रश्न होता. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधांचा परिणाम अभ्यासत होते. ॲसिटिलकोलिनने त्या पट्ट्या आकसतात असे त्यांचे वर्षानुवर्षांचे निरीक्षण होते. १९७८ मध्ये सहायकाच्या हातून प्रयोगाचा क्रम चुकला आणि पट्टी आकसण्याऐवजी सैल पडली. कारण शोधताना उलगडले की, आजवर पट्ट्या कापताना धमनीची आतली बाजू नकळत घासली जाऊन तिच्यावरील पेशींचा एकेरी थर निघून जात असे. तो शाबूत राहिला तरच धमनी सैलावते. एंडोथेलियम नावाचा हा थर निव्वळ गिलावा नसून एक कामकरी अवयव आहे आणि तो धमनीला सैलावणारा एक पदार्थ सोडतो, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे त्या दशकाच्या उत्तरार्धात निश्चित झाले, आणि फर्चगॉट, लुइस इग्नारो व फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. हा थर आजारी पडला की त्याची सैलावण्याची शक्ती प्रथम जाते. मेदाचा थर, जाडी, अडथळा हे सगळे नंतर येते.

ही शक्ती जिवंत माणसात कशी मोजावी, याचे उत्तर लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातून १९९२ मध्ये आले. डेव्हिड सेलरमायर, जॉन डीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब मोजण्याचा साधा पट्टा फुगवून हाताचा किंवा पायाचा रक्तपुरवठा साडेचार-पाच मिनिटे थांबवला, मग हवा एकदम सोडली. दबून राहिलेले रक्त लोंढ्यासारखे धावते, त्याच्या घर्षणाने एंडोथेलियम नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि धमनी रुंदावते. ती किती टक्के रुंदावली ते ध्वनिचित्रात मोजायचे, नंतर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन स्नायू स्वतः सैलावू शकतो की नाही याची खातरजमा करायची. प्रौढांत दंडातील धमनी आणि मुलांत मांडीतील धमनी त्यांनी तपासली. धूम्रपान करणाऱ्यांत आणि हृदयरोग्यांत हे रुंदावणे खुंटले होते, यात फारसे नवल नव्हते. आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल वाढलेल्या शाळकरी मुलांतही ते खुंटलेले आढळले, तेव्हा मात्र धमनीचे नुकसान कोणत्या वयात सुरू होते याविषयीची कल्पनाच बदलली. या चाचणीचा ताप असा की, दंडातील धमनी तीन-चार मिलिमीटरची, तिचे निरोगी रुंदावणे पाच ते दहा टक्के, म्हणजे मोजायचा फरक पाव मिलिमीटरच्या आसपास; हात किंचित हलला, खोलीत गारवा असला, रुग्णाने सकाळी कॉफी घेतली असली तरी निकाल बदलतो.

एव्हाना आमवाताच्या बाजूचे आकडेही गंभीर होत चालले होते. नॅशव्हिल येथील थिओडोर पिंकस यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, तीव्र आमवाताच्या रुग्णांची जगण्याची शक्यता हृदयाच्या तिन्ही प्रमुख धमन्यांत अडथळे असलेल्या रुग्णांइतकीच खालावलेली असते. २००१ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या इनमाकुलादा देल रिंकोन आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की, वय, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही या रुग्णांतील हृदयविकाराचा जादा भाग शिल्लक राहतो. २००३ मध्ये अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीतून, ज्यात १ लाख १४ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, हृदयविकाराच्या झटक्याचा धोका आमवातात सुमारे दुप्पट आणि आजार १० वर्षांहून जुना असल्यास तिपटीने जास्त असल्याचे निघाले. सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष २००५ मध्ये मिनेसोटातील रॉचेस्टर येथून आला : आमवाताचे निदान होण्याच्या आधीच्या दोन वर्षांतच या रुग्णांना हृदयविकाराचे झटके, आणि त्यांतही कळून न आलेले मूक झटके, इतरांहून अधिक येऊन गेलेले होते. मग दीर्घकाळच्या औषधांना दोष कसा देणार? दरम्यान रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये धमनीकाठिण्य हा मुळात दाहाचाच आजार आहे असे ठामपणे मांडले होते, त्यामुळे सांध्यातील दाह आणि धमनीतील दाह ही एकाच आगीची दोन टोके असावीत, हा तर्क आता कोणाला ओढाताणीचा वाटेना. आमवात भरात असताना रक्तातील कोलेस्टेरॉल उलट कमी होते आणि तरीही धोका वाढलेला असतो, या विरोधाभासाचाही अर्थ त्यातून लागू लागला.

या वातावरणात २००१ नंतरच्या पाचसहा वर्षांत मानेवर प्रोब ठेवण्याची एक लाटच आली. स्वीडनमधील उमेओ, जपानमधील ओसाका, कोरियातील सोल येथील चमूंनी पाठोपाठ दाखवले की, हृदयविकाराचे कोणतेही लक्षण नसलेल्या आमवाताच्या रुग्णांत कॅरोटिड धमनीची भिंत समवयस्कांपेक्षा जाड असते. इटलीतील पेरुजा येथे ज्यांचा आजार आटोक्यात होता अशा तरुण रुग्णांतही दंडातील धमनीचे रुंदावणे कमी आढळले. झ्युरिकमध्ये २००२ साली केवळ ११ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध दिल्यावर १२ आठवड्यांत ते रुंदावणे सुधारले. या औषधामागचे संशोधन लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी केले होते. अकरा रुग्ण म्हणजे काहीच नव्हेत, पण दाह शमवला की धमनीची वागणूक सुधारते हे डोळ्यांनी दाखवणारा तो पुरावा होता, आणि त्याचे वजन रुग्णसंख्येवर तोलता येत नाही.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील लुगो या लहान शहरातील मिगेल आंखेल गोन्सालेस-गाय आणि कार्लोस गोन्सालेस-ख्वानातेय यांचे काम या काळात सर्वांत चिकाटीचे ठरले. त्यांनी दीर्घकाळ उपचार घेत असलेले ४७ रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक घेऊन भिंतीची जाडी आणि धमनीचे रुंदावणे, दोन्ही मोजले आणि दोन्हींत रुग्ण मागे पडल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध केले. मग तेच रुग्ण ५ वर्षे नजरेखाली ठेवले. ज्यांची भिंत सुरुवातीला सर्वांत पातळ होती त्या गटात एकालाही हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार उद्भवला नाही, आणि ज्यांची ०.९१ मिलिमीटरहून जाड होती त्यांच्यातील निम्म्याहून अधिकांना तो झाला. संख्या तुटपुंजी असली तरी मोजलेल्या माणसांचा पाठपुरावा करण्याची ही शिस्त त्या लाटेतील अनेक मोठ्या नावांच्या संस्थांत दिसली नाही.

नुकसान नेमके केव्हा सुरू होते, यावर मात्र एकमत झाले नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २००७ मध्ये आजार सुरू होऊन वर्षही न झालेल्या रुग्णांत भिंत आधीच जाडावलेली असल्याचे सांगितले. उमेओच्या चमूला २०१० मध्ये नव्या रुग्णांत सुरुवातीला तसा फरक सापडला नाही, परंतु पुढील १८ महिन्यांत त्यांच्या भिंतीची जाडी निरोगी लोकांपेक्षा भराभर वाढली. या दोन निष्कर्षांत दिसतो तितका विरोध नाही. सांधे सुजण्याच्या कितीतरी वर्षे आधी रक्तात आमवाताची प्रतिपिंडे सापडू शकतात, त्यामुळे आजाराचा ‘पहिला महिना’ हा रुग्णाच्या तक्रारीचा पहिला महिना असतो, दाहाचा नव्हे.

लाट ओसरू लागली तशा शंका डोके वर काढू लागल्या. २०११ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून काढलेली आमवाती आणि निरोगी लोकांच्या भिंतीतील सरासरी तफावत ०.०९ मिलिमीटर निघाली. गटागटांची तुलना करताना ती निर्विवाद होती. समोर बसलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत मात्र ती तपासनीसाच्या हाताच्या चुकीत सहज बुडून जाण्याइतकी लहान होती. २०१२ मध्ये सर्वसाधारण लोकसंख्येवरील मोठ्या विश्लेषणाने जाडीचे माप नेहमीच्या जोखीम-तक्त्यात फारशी भर घालत नाही असे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ते सरसकट वापरू नये असा सल्ला दिला. पंचवीस वर्षांच्या कौतुकानंतर हे माप असे बाजूला सारले गेले, त्यात थोडा अन्याय असेलही. पण वयाबरोबर प्रत्येकाचीच भिंत थोडी जाडावते आणि रक्तदाबानेही जाडावते, तेव्हा तिच्यावर एवढा भार टाकणे मुळातच गैर होते.

टिकून राहिले ते निराळेच निरीक्षण, जे पहिल्यापासून त्याच पडद्यावर दिसत होते. समांतर रेषांमध्ये कोठेतरी एखादा उंचवटा पोकळीत शिरलेला असतो. तो आजूबाजूच्या भिंतीपेक्षा निम्म्याने किंवा अर्धा मिलिमीटर पुढे आलेला असला, अथवा तेथील जाडी दीड मिलिमीटरहून अधिक असली, तर त्याला प्लाक म्हणावे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मानहाइम येथील मसुद्यात २००४ पासून ठरवत आणले. न्यूयॉर्कच्या मेरी रोमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९८ रुग्ण आणि वय, लिंग व वंश जुळवून निवडलेले ९८ निरोगी लोक तपासले तेव्हा रुग्णांपैकी ४४ टक्क्यांत आणि निरोगी लोकांपैकी १५ टक्क्यांत प्लाक आढळले. सॅन अँटोनिओतील सुमारे ६०० रुग्णांच्या पाठपुराव्यात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, प्लाक नसलेल्यांत दर १०० रुग्ण-वर्षांमागे हृदयाच्या धमन्यांचे १.१ तीव्र झटके नोंदले गेले, एका बाजूला प्लाक असलेल्यांत २.५ आणि दोन्ही बाजूंना असलेल्यांत ४.३. उंचवटा आहे की नाही हे सांगायला मिलिमीटरच्या शतांशाचा काटेकोरपणा लागत नाही, आणि म्हणूनच दवाखान्यात तो उपयोगी पडतो. गोन्सालेस-गाय यांनी पुढे सांतांदेर येथे दाखवले की, नेहमीचे जोखीम-तक्ते ज्यांना मध्यम धोक्याचे ठरवतात अशा अनेक आमवाती रुग्णांच्या मानेत प्लाक असतातच. ते दिसले की रुग्ण अतिधोक्याच्या गटात जातो आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे कोणाला द्यायची, याचा निर्णय बदलतो.

नियमावल्यांत हे सावकाश उतरले. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या महासंघाने पहिल्या शिफारशींत नेहमीच्या तक्त्यातून निघालेल्या धोक्याला काही निवडक रुग्णांतच दीडने गुणावे असे म्हटले होते. २०१५-१६ च्या सुधारणेत ते सर्वच आमवाती रुग्णांना लागू झाले आणि कॅरोटिड सोनोग्राफीने लक्षणरहित प्लाक शोधण्याचा ‘विचार करता येईल’, अशी सावध जोड दिली गेली. ब्रिटनच्या क्यूरिस्क-२ या जोखीम-तक्त्याने तर २००८ मध्येच आमवाताला स्वतंत्र रकाना दिला होता. त्याच तक्त्यात भारतीय वंशाचाही रकाना आहे, त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला आमवात असेल तर त्याचा धोका दोन्ही अंगांनी मोजला जातो. दरम्यान आजारावरचे उपचारही सुधारत गेले. त्यामुळेच की काय, ब्रिटनमध्ये सुमारे ३,००० आमवाती रुग्णांवर सुरू केलेली ॲटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिन औषधाची मोठी चाचणी अपेक्षेपेक्षा फारच कमी हृदयविकार घडल्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आमवाताच्या मोजणीतून येतो. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून इंदापूर तालुक्यातील भिगवण गावात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दर २०० प्रौढांमागे साधारण एक, असे आढळले. ग्रामीण भारतातील सांधेरोगांचे ते पहिल्या विश्वासार्ह चित्रांपैकी एक आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २००८ मध्ये भारतीय रुग्णांतही कॅरोटिड भिंतीची जाडी वाढलेली असल्याचे नोंदवले. परंतु जे यंत्र युरोपात संधिवाततज्ज्ञाच्या टेबलाशेजारी असते, ते भारतात तितक्या सहज ठेवता येत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची, मग ते पोटावर फिरवायचे असो वा मानेवर, नोंदणी करावी लागते आणि ते हलवण्यावरही बंधने आहेत. कायद्याचे कारण इतके गंभीर आहे की त्याबद्दल कुरकुर शोभत नाही. पण आमवाताच्या रुग्णाची मान तपासायची तर त्याला दुसऱ्या खोलीत, बहुधा दुसऱ्या इमारतीत, पाठवावे लागते हे खरे.

तोवर आमवात असलेल्या वाचकाने, किंवा घरात असा रुग्ण असलेल्याने, आपल्या डॉक्टरांना एवढे विचारावे : रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा एकत्र हिशेब शेवटचा केव्हा झाला? युरोपीय शिफारस तो दर ५ वर्षांतून किमान एकदा व्हावा अशी आहे, आणि त्याला सोनोग्राफीचे यंत्र लागत नाही.